उजेड पाठीशी, अक्षर गाठीशी

अगं, शिक्षणसेवक म्हणून पाथर्डी तालुक्याची ऑर्डर हातात पडली आणि तू आधी साड्यांना फॉल लावायला दिलेस, असं तुझी आई सांगत होती. लाव बाई, नीटनेटक्या बाई पोरांनाही आवडतात. पण तुझ्या पटावर एखादं कानाला मशीन लावणारं पोर असेल, एखादी कॅलिपर घालून चालणारी मुलगी असेल आणि ‘ढ’ म्हणून मागे बसवलेले दोघं-तिघं तर नक्कीच असतील. माझी सगळी नोकरी पारनेर, नेवासा, जामखेड अशी नगर जिल्ह्याच्याच शाळांत झाली. या मुलांची शाळा सुटते ती बहुतेक वेळा बारक्या गोष्टींपायी. सेल संपतो, उंबरठा आडवा येतो, कागदावर शिक्का राहून जातो. म्हणून मावशीचं एवढं ऐकून ठेव.

१. पहिले काही दिवस शिकवण्याइतकंच निरखण्याचं काम कर — फळ्याकडे मान तिरकी करून कोण बघतं, हाक मारल्यावर शेजाऱ्याकडे पाहून मग कोण उठतं, हे हजेरीपटात कुणी लिहून ठेवत नाही.

२. हजेरी घेताना मुलाचं खरं नाव स्वच्छ उच्चार — गावानं त्याला व्यंगावरून दुसरंच नाव ठेवलेलं असतं, आणि वर्ग बाईंचं ऐकून बोलतो.

३. आईला ‘याला काय झालंय’ असं विचारू नकोस, ‘याला काय काय येतं’ असं विचार — पहिल्या प्रश्नाला ती डोळ्याला पदर लावते, दुसऱ्याला बोलायला लागते.

४. कमी दिसणाऱ्या मुलाला पुढे बसव, पण खिडकीकडे तोंड करून नको — आपल्याकडचं मार्चमधलं ऊन डोळ्यांत शिरलं की फळा पांढराफटक दिसतो. उजेड पाठीशी, अक्षर गाठीशी, हे पाठ करून टाक.

५. फळ्यावर लिहिता लिहिता पाठमोरी बोलायची तुझी सवय मोड. ओरडूही नकोस — ज्याला ऐकू कमी येतं तो निम्मं तुझ्या ओठांवरून घेतो, आणि ओरडताना ओठांचा आकार बिघडतो.

६. परिपाठाआधी कानाचं मशीन चालू करून मुठीत धर. बारीक शीळ ऐकू आली तर सेल जिवंत आहे. नवा सेल घालताना त्याची चिकटपट्टी काढून मिनिटभर थांब आणि मग बसव — तो हवेवर चालतो, आणि पट्टी एकदा निघाली की वापरला नाही तरी उतरत जातो. म्हणून पोरांना गंमत म्हणून पट्ट्या सोलू देऊ नकोस. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून मशीन डबीत, सिलिका जेलच्या पुडीजवळ ठेवायला आईला शिकव. घाम आणि पावसाळा दोन्ही त्याचे वैरी. कानात नीट बसवल्यावरही शीळ येत राहिली तर साचा बदलायला सांग — पोर वाढतं तसा कानही वाढतो. सेल उतरला, धडा विसरला.

७. रॅम्प बांधायला निघाला तर गवंड्याशेजारी उभी राहा: एक फूट उंचीला बारा फूट उतार — चार फुटांत उरकलेला रॅम्प फोटोत दिसतो, पण चाकाची खुर्ची त्यावर चढत नाही.

८. शौचालयाचं दार मोजून बघ, आतली कडी हाताला येते का तेही बघ — कॅलिपरवाली मुलगी दिवसभर पाणी का पीत नाही, याचं उत्तर बहुधा तिथंच सापडतं. आणि ती हे तोंडानं कधी सांगणार नाही.

९. आता ‘ढ’ पोरांकडे ये. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांत सारखी गल्लत होत असेल, वेलांटी कधी अलीकडे कधी पलीकडे जात असेल, पण तोंडी गोष्ट झकास सांगत असेल, तर त्याला आळशी म्हणू नकोस — ती अध्ययन अक्षमता असू शकते, आणि आळशी म्हटलेलं पोर खरोखरच वही मिटून ठेवतं.

१०. घ आणि ध एकाच आठवड्यात शिकवू नकोस. एक पक्कं होऊ दे, मग दुसरं. परातीत बारीक वाळू पसर आणि अक्षराचं नाव मोठ्यानं घेत बोटानं गिरवून घे — हाताला वळण कळलं की डोळा मागोमाग शिकतो.

११. ‘त्रेपन्न’ ऐकून एखादी पोर ३५ लिहीत असेल तर रागावू नकोस. आपण बोलताना तीन आधी म्हणतो, लिहिताना पाच आधी लिहितो. तिनं जे ऐकलं ते लिहिलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पन्नास तीन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मंगला नारळीकर तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. मला विचारशील तर अशा मुलांना ती पायरी हवीच — आधी पन्नास तीन, मग त्रेपन्न.

१२. एका पानावर एकाच तऱ्हेची चूक दाखव — लाल झालेलं पान कुणी घरी दाखवत नाही.

१३. उत्तर तोंडी येत असेल तर तोंडी घे आणि तशी नोंद ठेव — परिसर अभ्यासाच्या तासाला तुला पाऊस कसा पडतो ते विचारायचंय, जोडाक्षर नव्हे.

१४. सावकाश बोलणाऱ्या मुलाचं वाक्य तू पुरं करू नकोस, मनात दहा आकडे मोज — तुला घाई फार, हे लहानपणापासून बघतेय. बाईंनी शब्द तोंडातून काढून घेतला की पोर पुन्हा हात वर करत नाही.

१५. ब्रेल शिकणारं मूल आलं तर तूही सहा टिंबं शिकून घे. पाटीवर स्टायलसनं उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं. वेलांटी ऱ्हस्व असो की दीर्घ, व्यंजनानंतरच येते — एवढं ठाऊक असलं तरी त्याची वही तुला तपासता येईल, आणि बाईंनी तपासलेली वही म्हणजे त्या वयात फार मोठी गोष्ट असते.

१६. फिट आली तर पोराला कुशीवर वळव, आसपासचं टणक सामान दूर कर, घड्याळ बघ. कांदा, चप्पल काही हुंगवू देऊ नकोस, तोंडात चमचा घालू देऊ नकोस — दात तुटतो, श्वास अडकतो. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन.

१७. मढीच्या यात्रेचे ढोल सुरू झाले की स्वमग्न मूल कानावर हात ठेवून किंचाळेल. त्याला धरून बसवू नकोस, आतल्या खोलीत शांत कोपरा करून दे — तो हट्ट नसतो, त्याला तो आवाज खरोखर सोसत नाही.

१८. देवाला नवस बोललेल्या आईबापांशी वाद घालू नकोस. जाऊन या म्हण, पण दवाखान्याची तारीख त्यांच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हातानं लिहून ये — वाद घातलास तर ती माणसं तुझ्या शाळेतही यायची थांबतील.

१९. धाकट्या-थोरल्या बहिणीला अशा मुलाची मदतनीस करून टाकू नकोस — एकाला शिकवताना दुसरीचा वर्ग बुडतो, आणि बुडते ती नेहमी मुलगीच. वर्गातल्या चार पोरांची पाळी लाव.

२०. दया दाखवून काम काढून घेऊ नकोस. घंटा द्यायचं काम त्याला दे — घंटा ज्याच्या हाती, शाळा त्याच्या नाती.

आता कागद. तुला कंटाळा आहे ठाऊक आहे, पण इथंच पोरं अडतात.

२१. प्रवेश नाकारायचा नाही, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ठरवलंय. त्यात २१ प्रकार आहेत, अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण आहे — कुणी ‘हे आमच्याकडे बसत नाही’ म्हणालं तर तुला आवाज न चढवता हे सांगता आलं पाहिजे.

२२. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी नगरच्या जिल्हा रुग्णालयात पाठवण्याआधी डॉक्टरांचं बोर्ड कोणत्या दिवशी बसतं ते फोनवर विचार, आणि आधार, फोटो, जुने रिपोर्ट एका पिशवीत भरून दे. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव अक्षर अन् अक्षर जुळवून घे — पाथर्डीहून गेलेल्या बापाची रोजंदारी बुडते, आणि अकोले तालुक्याच्या डांगाणातून यायचं तर अख्खा दिवस जातो. जुन्या कागदावर अहमदनगर आणि नव्यावर अहिल्यानगर दिसलं तर घाबरू नकोस, नाव २०२४ मध्ये बदललंय. दाखला झाला की यूडीआयडी कार्ड, मग एसटीत ७५ टक्के सवलत.

२३. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांचा नंबर पहिल्याच महिन्यात घे. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, दिव्यांग मुलींचा महिना २०० रुपये प्रोत्साहन भत्ता यांच्या याद्या तिथूनच जातात — यादीत नाव वेळेत गेलं नाही तर वर्ष जातं.

२४. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. तुला शंका असलेल्या मुलांची नावं चिठ्ठीवर तयार ठेव — गर्दीत सगळ्यांची उंची-वजनं होतात, आणि तिरळा डोळा राहून जातो.

२५. घरी राहून शिकायची सोय कायद्यानं दिलीय ती तीव्र आणि बहुविकलांग मुलांसाठी. शाळेत येऊ शकणाऱ्या पोराच्या नावापुढे ती खूण करू नकोस — सोय बाईंची होते, आणि पोराचे सवंगडी तुटतात.

२६. तुझ्या तालुक्यातली घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात, हे विसरू नकोस. मुकादमाची गाडी लागायच्या आधीच शिक्षण हमी पत्रक भर, सेलची दोन जादा पाकिटं आणि फिटच्या गोळ्यांची चिठ्ठी आईच्या हाती दे, दाखल्याची झेरॉक्स ट्रंकेत टाकायला सांग. हंगामी वसतिगृह होणार असेल तर या मुलाचं नाव आधी सुचव. आजी-आजोबांकडे राहणार असेल तर मशीन कसं लावायचं ते आजीलाच दाखव, तिच्याच हातानं दोनदा लावून घे — कोपीवर गेलेलं मशीन पाचटात हरवतं, आणि मार्चमध्ये परत आलेलं पोर सहा महिने मागे गेलेलं असतं.

२७. आईबापांना पुढचंही थोडं सांगून ठेव. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी असेल तर निरामय विमा एक लाखापर्यंत आहे, त्यात थेरपीही येते. आणि मूल १८ चं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो — आईबाप म्हणून आपली सही चालेलच, या भरवशावर सगळे राहतात.

२८. दहावीला लेखनिक, तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, पण प्रस्ताव शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे वेळेत जावा लागतो. तू प्राथमिकची असलीस तरी हायस्कूलच्या सरांच्या कानावर घाल — लेखनिक खालच्या इयत्तेतला शोधायचा असतो, आणि तो आयत्या वेळी मिळत नाही. पुढे कॉलेजसाठी नगरला राहायचं झालं तर अनामप्रेम संस्थेत विचारायला सांग. दिव्यांग तरुण मुलामुलींच्या शिक्षणाचंच काम आहे त्यांचं.

२९. बदली झाली की अशा प्रत्येक मुलाचं एक पान लिहून मुख्याध्यापकांकडे दे: कुठं बसवावं, मशीनचा सेल कोणत्या नंबरचा, कोणतं अक्षर अजून कच्चं, घरात कुणाशी बोलावं. खाली तुझा फोन नंबर टाक — आणि फोन आला की उचल.