काळ्या मातीची ठेव



कोकणात आमच्या लहानपणी घरामागे उकिरडा असे. शेण, गोठ्यातला केर, पालापाचोळा सारे त्यात पडे. पावसाळ्यापूर्वी तो उपसला की आतून काळे, भुसभुशीत खत निघे. त्यात शेण कोणते आणि पान कोणते हे ओळखू येत नसे. शाळेच्या पुस्तकात या काळ्या पदार्थाला 'कुथित मृदा' म्हणत. शास्त्रीय भाषेत तो ह्यूमस. आज त्याचाच पाठ घेऊ.

पान गळून जमिनीवर पडले की बुरशी, जंतू व गांडुळे कामाला लागतात. साखर व पिष्ट आधी संपतात, नंतर सेल्युलोज. लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन सर्वांत मागे राहते. पुष्कळसा कार्बन वायुरूपाने हवेत निघून जातो. गव्हाच्या काडात नायट्रोजनच्या एका भागास कार्बनचे सुमारे ८० भाग असतात, तर ह्यूमसमध्ये १० ते १२च असतात. म्हणून कच्चे काड जमिनीत गाडून लगेच पेरणी केली तर पीक पिवळे पडते. जंतू मातीतला नायट्रोजन आधी स्वतःच घेतात.

१७८६ साली आखार्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दलदलीतील पीट अल्कलीच्या द्रावणात घातले. द्रव काळा झाला आणि त्यात आम्ल टाकताच काळा साका खाली बसला. प्रयोगशाळेत आजही तीच रीत चालते. साका म्हणजे ह्यूमिक आम्ल, वरच्या पिवळसर पाण्यात राहते ते फुल्विक आम्ल आणि अल्कलीतही न विरघळणारे ते ह्यूमिन. या आम्लांतील कार्बॉक्सिल गटांमधून हायड्रोजन सुटला की मागे ऋण विद्युतभार उरतो. तो कॅल्शियम, पोटॅशियम, अमोनियम यांना धरून ठेवतो, त्यामुळे ती पाण्याबरोबर सहज वाहून जात नाहीत. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला पुरेसे मिळत नाही. ह्यूमिक पदार्थ लोहाला धरून विरघळलेले ठेवतात आणि मुळांना मिळवून देतात.

ह्यूमस बनतो कसा, यावर मतभेद आहेत. स्ट्रेप्टोमायसीनच्या शोधाबद्दल १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळालेले सेल्मन वाक्समन हे मूळचे मातीचेच अभ्यासक. लिग्निन व जंतूंची प्रथिने मिळून ह्यूमस तयार होतो, असे त्यांचे मत होते. पुढे २०१५ साली लेहमन व क्लेबर या शास्त्रज्ञांनी निराळे मांडले. ते मोठमोठे रेणू मातीत तसे नसतातच, अल्कलीच्या प्रक्रियेमुळे ते हाती येतात. मातीत असतात ते वनस्पतींचे व जंतूंचे सतत बदलणारे लहानमोठे अवशेष. चिकणमातीच्या कणांना ते चिकटले, किंवा त्यांना हवा लागली नाही, तरच ते टिकतात. वाद अजून मिटलेला नाही, पण हा शेवटचा मुद्दा आपण लक्षात ठेवावा.

त्याचा पुरावा इस्राएलच्या उत्तरेस हुला खोऱ्यात आहे. तेथील दलदलीत पाण्याखाली हवा पोचत नसे, म्हणून हजारो वर्षांची पाणवनस्पती न कुजता पीट होऊन साचली. १९५१ ते १९५८ या काळात शेतीसाठी दलदल उपसली गेली. काळी, सुपीक जमीन मिळाली असे सर्वांना वाटले. पण पीटला हवा लागली आणि जंतूंना मेजवानी मिळाली. जमीन वर्षानुवर्षे खचत गेली. कोरडे पीट जमिनीखाली धुमसे, काळी धूळ वाऱ्यावर उडे. पीटमधील नायट्रोजनचे नायट्रेट होऊन ते किनेरेतच्या दिशेने वाहू लागले. अखेर १९९४ साली काही भागात पुन्हा पाणी सोडण्यात आले. आज तेथे क्रौंच पक्षी उतरतात, पण गेलेले पीट परत आले नाही.

तात्पर्य हे की ह्यूमस ही बँकेतील ठेव आहे. भर घालणे थांबवले आणि काढणे चालू ठेवले तर ती संपते. या उष्ण देशात तर ती फार लवकर संपते.

आता गृहपाठ. भाजीची देठे व फळांच्या साली फेकू नका. एका पिंपात कोरड्या पानांबरोबर थरावर थर द्या, ओल राखा, आठवड्यातून एकदा खालीवर करा. काही महिन्यांनी हाताला काळी, भुसभुशीत माती लागेल. तिचा वास घेऊन पाहा. कोकणातला उकिरडा पाहिलेल्यांना तो लगेच ओळखू येईल. नातवंडांना मात्र तो आपणच दाखवायला हवा.