ऑनलाइन तासाला स्क्रीन शेअर करताना : मुलाच्या फोनवर नेमकं काय दिसतं?



मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि 'स्क्रीन शेअर' हा शब्द आपल्या शिक्षक-खोलीत आला. मुंबईतले पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ ला उघडले, ४ जानेवारी २०२२ पासून पुन्हा बंद झाले आणि २४ जानेवारीला परत सुरू झाले. आता खडू-फळा पुन्हा हातात आहे. मग हा विषय आज कशाला, असं कुणी विचारेल.

उत्तर सोपं आहे. आपण उपनगरात राहतो आणि पावसाळा दरवर्षी येतो. ८ जुलै २०२४ च्या पहाटे सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला आणि शाळांना सुट्टी द्यावी लागली. १९ ऑगस्ट २०२५ लाही तेच. अशा दिवशी वर्गाच्या ग्रुपवर 'आज ऑनलाइन तास घेऊ या' असा निरोप येतो. शिवाय पालकसभा, प्रशिक्षणं, केंद्रातल्या बैठका आता ऑनलाइन होतात. म्हणून स्क्रीन शेअर करणं हे कौशल्य आपल्याला नीट यायला हवं. आज आपण ते प्राथमिकच्या मुलांच्या नजरेतून पाहू.

आधी एक छोटं गणित

वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा डोळे बारीक करायला लागला की आपण न सांगता अक्षर मोठं काढतो. ऑनलाइन तासात तो मुलगा आपल्याला दिसत नाही. स्क्रीन शेअर केली की मुलांचे चेहरे एका कडेला जातात किंवा दिसेनासे होतात. म्हणून अंदाज आधीच बांधावा लागतो.

आपल्या साध्या लॅपटॉपची स्क्रीन साधारण ३४ सेंटिमीटर रुंद असते. मुलाच्या हातातला फोन उभा धरला तर त्याची रुंदी जेमतेम ७ सेंटिमीटर. म्हणजे आपली अख्खी स्क्रीन तिथे पाचपट लहान होऊन बसते. आपल्याकडे १ सेंटिमीटर उंच दिसणारं अक्षर मुलाला २ मिलिमीटरचं दिसतं! फोन आडवा धरला तर तेच अक्षर दुप्पट मोठं होतं. म्हणून तास सुरू होताच पहिली सूचना हीच द्यावी : "फोन आडवा करा."

मराठीच्या बाबतीत हे जास्त जपावं लागतं. इंग्रजी अक्षर थोडं पुसट झालं तरी मूल ओळखतं. आपल्या लिपीत अनुस्वार, रफार, उकार वर-खाली लटकलेले असतात. नेट हळू झालं की चित्र फिकं होतं आणि सगळ्यात आधी हे ठिपके जातात. 'आंबा'चा 'आबा' होतो, 'दिन' आणि 'दीन' सारखेच दिसतात. पहिली-दुसरीच्या मुलाने ते तसंच वहीत उतरवलं, तर चूक त्याची म्हणायची का?

त्यामुळे नियम असा ठेवावा : एका स्लाइडवर पाच ओळींपेक्षा जास्त मजकूर नको आणि अक्षर लॅपटॉपवर निदान दोन सेंटिमीटर उंच दिसावं. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ दाखवत असाल तर अख्खं पान दाखवू नका. जो परिच्छेद वाचायचा तेवढाच मोठा करा. स्वतःचा फोन दुसऱ्या खात्याने त्याच मीटिंगमध्ये जोडून, आवाज बंद करून शेजारी ठेवा. मुलाला काय दिसतंय ते तिथे लगेच कळतं.

काय शेअर करायचं : पूर्ण स्क्रीन, विंडो की टॅब?

गुगल मीट असो वा झूम, शेअरचं बटण दाबल्यावर आपल्याला निवड करायला मिळते.

पूर्ण स्क्रीन : आपल्या लॅपटॉपवर जे जे दिसतं ते सगळं मुलांना दिसतं. मीटिंगचं पान उघडं राहिलं तर आरशात आरसा ठेवल्यासारखी चौकटीत चौकट दिसत राहते आणि मुलं हसायला लागतात.

विंडो : फक्त एक प्रोग्रॅम दिसतो, उदाहरणार्थ फक्त पीपीटी किंवा फक्त पीडीएफ. मागे काय उघडं आहे ते कुणाला दिसत नाही.

टॅब : ब्राउझरमधलं एकच पान दिसतं. व्हिडिओ किंवा कविता ऐकवायची असेल तर मीटमध्ये टॅब निवडणं सगळ्यात खात्रीचं, कारण टॅबचा आवाजही पाठवता येतो. आवाजाचं बटण चालू आहे ना, एवढं बघावं. झूममध्ये शेअर करताना खाली 'शेअर साउंड' अशी चौकट असते, त्यात खूण करावी लागते. ती राहिली की शिक्षक ताल धरतात आणि मुलांना मुकं चित्र दिसतं.

माझं मत असं की प्राथमिक शिक्षकाने पूर्ण स्क्रीन शेअर करूच नये. कारण आपल्या लॅपटॉपवर काय काय असतं ते आठवून पाहा. मुलांचे आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी घेतलेल्या बँक पासबुकच्या प्रती, गुणांच्या याद्या, एखाद्या मुलाविषयी समुपदेशकांना लिहिलेलं पत्र. फी बाकी असलेल्यांची यादी दोन सेकंद जरी दिसली, तरी कुणीतरी स्क्रीनशॉट काढू शकतो. ज्या मुलाचं नाव त्यात आहे त्याने उद्या वर्गात कसं बसायचं? फळा पुसता येतो, हे पुसता येत नाही. म्हणून विंडो किंवा टॅब, एवढंच.

फोनवरून तास घेणाऱ्यांनी आणखी एक करावं. फोनची स्क्रीन शेअर होते तेव्हा वरून उतरणारे मेसेजही दिसतात. शेअर करण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा.

शेअर करण्याचा हक्क कुणाला?

टाळेबंदीत अनोळखी माणसं मीटिंगमध्ये घुसून नको ते दाखवत असल्याचे प्रकार जगभर झाले. १६ एप्रिल २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने झूमच्या वापराबाबत सूचना काढल्या होत्या. त्यातल्या गोष्टी आजही कोणत्याही ॲपला लागू पडतात : मीटिंगला पासवर्ड ठेवा, प्रतीक्षा-कक्ष चालू ठेवा, स्क्रीन शेअरचा हक्क फक्त तास घेणाऱ्याकडे ठेवा आणि सगळे आले की मीटिंगला कुलूप लावा. लिंक फक्त वर्गाच्या ग्रुपवर टाका.

मग मुलांनी सादरीकरण करायचंच नाही का? करायचं. पण मुलाला फोनची स्क्रीन शेअर करायला सांगू नका. तो फोन बहुतेक वेळा बाबांचा किंवा आईचा असतो. त्यावर कर्जाच्या हप्त्याचा मेसेज येतो, दवाखान्याचा येतो, घरातल्या भांडणाचाही येतो. मुलाने वही कॅमेऱ्यासमोर धरावी, किंवा चित्राचा फोटो आधी शिक्षकांना पाठवावा आणि शिक्षकांनी तो दाखवावा. मूल बोलेल, चित्र आपण शेअर करू. कॅमेऱ्याचंही तसंच. एका खोलीच्या घरात रात्रपाळी करून आलेले वडील मागे झोपलेले असतात. 'कॅमेरा चालू कर' हा हुकूम करण्याआधी याचा विचार व्हावा.

नमुना पाठ : आपला मुंबई उपनगर जिल्हा (३० मिनिटे)

आता हे सगळं एका पाठात कसं बसतं ते पाहू. इयत्ता तिसरी, परिसर अभ्यास.

पहिली ५ मिनिटं, शेअर बंद. मुलांना चेहरा दिसू द्या. प्रश्न विचारा : "मुलुंडला राहणाऱ्या मावशीच्या पत्त्यावर तालुका कोणता लिहाल?" बहुतेक मुलं 'मुलुंड' म्हणतील. अंधेरीची मुलं स्वतःचा तालुका मात्र बरोबर सांगतील, कारण त्यांच्या तालुक्याचं नावच अंधेरी आहे. उत्तर लगेच देऊ नका.

पुढची ७ मिनिटं, नकाशा शेअर. जिल्ह्याचा एकच नकाशा, त्यात तीन तालुके : अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. रंग वेगळे द्या, पण नावही लिहा, कारण काही मुलांना लाल-हिरवा फरक कळत नाही. तोंडाने सांगत जा : "डावीकडे अरबी समुद्र, उजवीकडे ठाण्याची खाडी. आता माझा बाण कुर्ल्यापासून वर चाललाय... घाटकोपर, भांडुप, मुलुंड. ही सगळी गावं कुर्ला तालुक्यात." ज्याचं चित्र अडकलंय त्याला निदान ऐकून तरी कळतं. 'हे बघा, इथे' असं म्हणू नका. 'इथे' म्हणजे कुठे, ते फोनवर समजत नाही. जाता जाता सांगा की १ ऑक्टोबर १९९० ला मुंबईचे दोन जिल्हे झाले आणि आपल्या जिल्ह्याचं मुख्यालय वांद्र्याला आहे.

पुढची ६ मिनिटं, शेअर बंद. मुलांनी वहीत जिल्ह्याचा कच्चा आकार काढून आपलं घर कोणत्या तालुक्यात येतं तिथे ठिपका द्यायचा. वह्या कॅमेऱ्यासमोर. प्रत्येकाचं नाव घेऊन एक शब्द बोला.

पुढची ७ मिनिटं, दुसरं चित्र शेअर. तुळशी, विहार आणि पवई हे तीन तलाव. प्रश्न : "यातल्या कोणत्या तलावाचं पाणी आपण पितो?" तुळशी आणि विहारचं पाणी पिण्यासाठी येतं, पवईचं पिण्यासाठी वापरत नाहीत. मग मिठी नदी दाखवा. विहार आणि पवई भरून वाहिले की ते पाणी मिठीत जातं. बाहेर पाऊस पडत असेल तर मुलं आपोआप कुर्ल्याच्या पाण्याविषयी बोलायला लागतात. बोलू द्या, तो पाठाचाच भाग आहे.

शेवटची ५ मिनिटं, शेअर बंद. उजळणी आणि घरी विचारायचा एक प्रश्न.

बघा, ३० मिनिटांत स्क्रीन फक्त १४ मिनिटं शेअर झाली. केंद्राच्या जुलै २०२० च्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं सुचवली होती. तेवढ्या वेळात सतत स्लाइड वाचून दाखवली तर मूल आपलं तोंडही पाहत नाही आणि आपण त्याचं.

लॅपटॉप नसेल तर

स्लाइड बनवल्याच पाहिजेत असं कुठे आहे? जून २०२० मध्ये पुण्याच्या एका रसायनशास्त्राच्या शिक्षिकेचा व्हिडिओ गाजला होता. कपड्यांचा हँगर आणि चिंध्या बांधून त्यांनी फोन टांगला होता आणि साध्या फळ्यावर शिकवत होत्या. तसाच फोन दोन डब्यांवर पट्टी टाकून त्यावर ठेवा, कॅमेरा खाली वहीकडे. आपण लिहितो ते मुलांना लिहिताना दिसतं. अक्षराचं वळण शिकवायला स्लाइडपेक्षा हे कितीतरी चांगलं.

वीज किंवा नेट गेलं तर

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली आणि ऑनलाइन तास जिथल्या तिथे थांबले. तेव्हापासून एक सवय चांगली : त्या दिवशीच्या स्लाइडची पीडीएफ तास सुरू होण्याआधीच ग्रुपवर टाकायची. पीपीटी पाठवली तर दुसऱ्याच्या फोनवर मराठी फाँट बिघडू शकतो, पीडीएफमध्ये तो तसाच राहतो. झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग ४० मिनिटांनी आणि मीटवर तिघांपेक्षा कमी नसतील तर ६० मिनिटांनी संपते. त्यामुळे महत्त्वाचं ते पहिल्या अर्ध्या तासात.

पालकांना विनंती

फोन आडवा, भिंतीला टेकवून ठेवा. मुलाच्या हातात धरायला देऊ नका, हात दुखला की लक्ष जातं. दोन भावंडांचे तास एकाच वेळी असतील तर शिक्षकांना मोकळेपणाने सांगा, वेळ बदलता येते. उत्तर मुलाच्या कानात सांगू नका. आणि अक्षर दिसत नसेल तर मुलाला बोलायला शिकवा : "बाई, मला दिसत नाही." हे एक वाक्य बोलायला मुलाला फार धीर लागतो. ते ऐकलं की आम्ही अक्षर मोठं करू.

तासाआधीची पाच मिनिटं

१. नको असलेल्या फायली आणि टॅब बंद.
२. मेसेज येणं बंद.
३. विंडो किंवा टॅब निवडला.
४. व्हिडिओ असेल तर आवाज तपासला.
५. अक्षर दुसऱ्या फोनवर वाचून पाहिलं.
६. पीडीएफ ग्रुपवर टाकली.

येत्या पावसाळ्यात पहिला ऑनलाइन तास घ्याल तेव्हा यातलं पाचवं काम तेवढं नक्की करा. तुमच्या वर्गात काय उपयोगी पडलं आणि काय नाही, तेही जरूर कळवा.