घोटा मुरगळला की मोडला?

सोयाबीन सोंगताना धुऱ्यावरून पाय घसरला, घोटा सुजला, की आपल्याकडे शेलूबाजारात पहिलं वाक्य हेच: "बोटं हलतात ना? मग हाड शाबूत आहे." बायांनो, हाड मोडलं तरी बोटं हलतात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या हाडावर दाबून दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर चोळू नका, फोटो काढून घ्या. वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात चला.

मोडल्या जागी आधी रक्त गोठतं. दोन-तीन आठवड्यांत तिथं मऊ गाठ धरते आणि मग ती कडक होत जाते. साधारण 6 आठवडे लागतात, पूर्वीची ताकद यायला कितीतरी महिने. हाड जागचं सरकलं असेल तर पट्टी-स्क्रू बसवावे लागतात.

मजुरी बुडते म्हणून चौथ्याच आठवड्यात घरीच प्लास्टर कापून रोजानं जाणाऱ्या बाया मी पाहिल्यात. त्या कच्च्या गाठीवर भार पडला तर हाड सरकतं. वाकडं जुळलं की सांधा झिजतो, मग जन्माचं लंगडणं. पाय कधी टेकवायचा ते डॉक्टरांनाच विचारा. तोवर खर्रा, बिडी बंद. तंबाखूनं हाड उशिरा जुळतं. आणि प्लास्टरमधली बोटं निळी किंवा बधिर पडली, ठणका वाढतच गेला, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठा.