ओढ्याच्या नादी लागू नका

वाट चुकली तर पाण्याच्या धारेने उतरत जा, गाव लागतेच, असे लहानपणापासून ऐकत आले होते. सह्याद्रीत हा सल्ला जिवावर बेतू शकतो. पहिल्यांदाच एकटी हरिश्चंद्रगडावर निघाले, तेव्हा ते नीट कळले.

भाद्रपद सरत आला होता. तारामती शिखर गाठायचे म्हणून खिरेश्वरहून सकाळीच चढू लागले. तोलारखिंड, मग रेलिंग लावलेला कातळटप्पा, इथवर वाट चुकायचे कारण नाही. कसोटी लागते ती वरच्या पठारावर. गडावरच्या मंदिरापर्यंत एकामागून एक टेकाडे, अंगाला घासणारी कारवी आणि कमरेएवढे गवत. तेवढ्यात धुके उतरले. पठारावर गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा हुबेहूब पायवाटेसारख्या दिसतात. गुरांना मात्र मंदिरात जायचे नसते! पायाखालची मळलेली वाट एका ओहळापाशी विरली. पाणी उताराने खळाळत चालले होते आणि पायही तिकडेच ओढ घेत होते. सोबत कुणी असते तर ‘थांब गं जरा’ म्हणाले असते. एकटीने जायचे तर ते आपले आपल्यालाच म्हणावे लागते.

सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आहे. थोडी सपाटी, मग तुटलेला कडा, पुन्हा सपाटी अशी त्याची ठेवण. पठारावरचा गरीब दिसणारा ओहळ पुढे कड्यावरून खाली झेपावतो. ओल्या कातळावरून आणि घसाऱ्यावरून माणूस कसाबसा उतरतो, पण तिथून परत वर चढता येतेच असे नाही.

मी मागे फिरले. दगडावर रंगवलेला शेवटचा बाण जिथे पाहिला होता तिथे येऊन जाकीट चढवले, गूळ-शेंगदाणे काढले आणि बसून राहिले. धुके उठायला बराच वेळ लागला. तारामती दुसऱ्या दिवसावर गेली. मंदिराजवळच्या झोपडीत पिठलं-भाकरी मिळाली, मुक्काम झाला.

एकट्याने जाणार असाल तर कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार आणि किती वाजेपर्यंत फोन न आल्यास शोध सुरू करायचा, हे घरी लिहून ठेवा. पायथ्याच्या गावातही सांगून निघा. मागे फिरायची वेळ घरीच ठरवा. शिखर समोर दिसू लागले की हिशेब बिघडतो. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. रेंज नसली तरी जीपीएस चालतो, मात्र रेंज शोधण्यात बॅटरी संपते, म्हणून फोन विमान मोडवर ठेवा. शिट्टी गळ्यातच असू द्या: मिनिटात 6 वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचे, पुन्हा वाजवायची. संकटाची ही खूण जगभरचे गिर्यारोहक ओळखतात.

आणि पहिलीच खेप असेल तर पाचनईची सोपी वाट धरा. तोलारखिंडीची वाट आधी जाणत्या माणसाबरोबर करा, तीही कोरड्या दिवसांत.