यादी फाडण्याआधी

चि. सोनूस,


तू पाठवलेला लांबलचक निरोप काल ऐकला. रागावली आहेस, पण मुद्दा सोडून भरकटली नाहीस, हे मला आवडलं. ताईच्या लग्नाच्या रविवारच्या बैठकीतला प्रकार तुझ्या बाबांनी आधीच सांगितला होता. मुलाकडच्या मामांनी चष्मा लावून मानपानाची यादी वाचायला घेतली. वरमाईची साडी, आजीची साडी, मावश्या, आत्या, करवल्या, पुरुषांना टॉवेल-टोपी. आणि तू पोह्यांच्या बशा उचलता उचलता म्हणालीस, "हा शुद्ध भिकारपणा आहे. ती यादी आधी फाडून टाका." त्यावर कुणी काही बोललं नाही. बाबांनी उगाच उठून पंखा वाढवला. मामांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. यादीतली एक साडी कमी झाली नाही, आणि धाकटी फटकळ आहे एवढं मात्र त्या घरी पोचलं.

तुझं मत बरोबर आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तू 'आत्याही त्यांच्यातलीच' म्हणून वाचशील. मानपानाच्या साड्या कुणी नेसत नाही. त्यांना ना फॉल लागतो, ना पिको होतं. माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर आत्ता एक पडली आहे. अबोली रंगाची, काठ जरीचे म्हणायचे. पिशवीच्या कोपऱ्यावर बॉलपेनने 'धाकट्या मामी' असं लिहून खोडलंय, त्याखाली 'कराडच्या वहिनी' लिहून तेही खोडलंय, आणि त्याखाली माझं नाव. ती पहिल्यांदा विकत घेणारा कुणीतरी मुलीचा बापच असणार, कदाचित पतसंस्थेचं कर्ज काढलेला. तेव्हा यादी फाडायला हवी याबद्दल आपल्यात वाद नाही.

पण त्या वाक्याची किंमत कोण मोजणार? तू सोमवारी सकाळच्या गाडीने पुण्याला निघून गेलीस. ताई वैशाखात त्या घरी नांदायला जाणार आहे. हे मामा सणासुदीला तिथे येणार, त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवताना तुझं वाक्य तिला आठवेल आणि त्यांनाही. बोललीस तू, मांडलं गेलं तिच्या खात्यावर.

लोकांना न रुचणारं बोलावं की नाही, असं तू विचारलंस. बोलावंच. पण रीतभातीबद्दल, रोजच्या वागण्याबद्दल असं काही बोलायचं तर त्याची झळ कुणाला लागणार हे आधी बघावं, आणि ती शक्यतो आपल्याला लागेल अशा ठिकाणी उभं राहून बोलावं.

तू पुण्यात राहतेस म्हणून पुण्याचाच दाखला देते. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर चहा-बिस्किटं ठेवली होती. जमलेल्यांत टिळक होते, रानडे होते, शहरातली आणखी बरीच प्रतिष्ठित मंडळी होती. कुणी चहा घेतला, कुणी घेतला नाही. मिशनऱ्यांच्या हातचा चहा तेव्हा धर्म बुडवणारा. या सगळ्यामागे गोपाळराव जोशी होते, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी हजर असलेल्यांची नावंच 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि गावात वणवा पेटला. ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तांच्या वाटाघाटी पुढे कितीतरी दिवस चालल्या. रानड्यांनी शेवटी मित्रांच्या घरची कुचंबणा बघवेना म्हणून प्रायश्चित्त घेतलं आणि त्यापायी सुधारक म्हणवणाऱ्यांचीही बोलणी खाल्ली. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत हे सगळं आलं आहे, वाच. वाळीत पडलेल्या घराचं काय होतं ते आज आपल्या लक्षात येत नाही. श्राद्धाला भटजी येत नसे, लेकींना माहेरी पाठवत नसत, मुलीचं लग्न जमत नसे.

गोपाळरावांचं म्हणणं चुकीचं होतं का? मुळीच नाही. चार शहाणी माणसं खासगीत एक बोलतात आणि गावापुढे दुसरं वागतात, हे ढोंग त्यांना उघडं पाडायचं होतं आणि ते पडलं. पण किंमत दुसऱ्यांच्या घरांतून वसूल झाली. मला गोपाळराव वाचायला आवडतात, शेजारी म्हणून नको वाटले असते.

त्याच पुण्यात त्याच वेळी आगरकर होते. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढलं आणि विषय कुठले घेतले? बायकांनी अंगात जाकीट घालावं की नाही, हासुद्धा. आज हसू येईल, पण लोकांना देवाधर्मावरच्या टीकेइतकीच कपड्यांवरची टीका झोंबते, किंबहुना जास्तच. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली लोकांनी. पण त्यांनी जे सोसलं ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या तुटपुंज्या पगारावर. र. धों. कर्व्यांचंही तसंच. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून मुंबईतली प्राध्यापकी गेली, आणि तरी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' पदरमोड करून चालवलं. न रुचणारं बोलणाऱ्याला लोक शिव्या देतातच. मात्र तो स्वतः किती भरतोय याचा हिशेबही मनात ठेवतात, आणि पुढे कधीतरी त्याचं म्हणणं मान्य करतात ते त्या हिशेबावर.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आपण ज्यांच्या बाजूने भांडतो त्यांना कधी विचारतो का? आमच्या गल्लीतल्या काकू तुला आठवत असतील, कोपऱ्यावरच्या घरातल्या. काका गेल्यावर त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येईनाशा झाल्या. कुणी मनाई केली नव्हती, पण बोलावलंही नव्हतं. त्या वर्षी मला वाटलं, सगळ्यांसमोर त्यांना आधी कुंकू लावावं आणि बघावं कोण काय म्हणतंय ते. मग आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन विचारलं, येता का? त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी आले आणि दोघीतिघी उठून गेल्या तर त्या तुझ्या घरून जातील, पण गेल्या माझ्यामुळे. ते मला नाही गं झेपायचं." खरं होतं. मी शौर्य दाखवणार आणि उंबऱ्यावर अवघडून उभ्या त्या राहणार. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. ज्या उठून जाणार नाहीत अशा तिघी-चौघींनाच दुपारी आधी बोलवायचं, आणि काकूंनी येऊन बसायचं नाही, तर तिळगूळ वाटायला माझ्याबरोबर उभं राहायचं. बाकीच्या बायका आल्या तेव्हा काकूंच्या हातात ताट होतं. घरातल्या माणसासारखं वाटणाऱ्या बाईला कोण काय म्हणणार? एकीने वाण माझ्याच हातून घेतलं, त्यांच्या हातून नाही. ते काकूंनी पाहिलं, मीही पाहिलं. पुढच्या संक्रांतीला तीच बाई त्यांच्याकडून घेऊन गेली.

२०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांनाही तसं सुचवणारं परिपत्रक काढलं. मला त्या ठरावाचं मोल वाटतं ते यासाठी, की एकट्या सुनेला जे निभावलं नसतं त्याचा भार गावाने आपल्या डोक्यावर घेतला. ठरावाने सगळ्या बायकांच्या मनातली धास्ती गेली असं नाही. पण बोट दाखवायला एक कागद झाला.

आग्रहाबद्दल मात्र तुझं माझं जमत नाही. केळवणाला तू काकीच्या तोंडावर म्हणालीस, आग्रह करणं असभ्य आहे. अगं, माझ्या आईच्या पिढीत पाहुण्याने पहिल्या खेपेला 'हो' म्हटलं तर तो हावरट ठरायचा. सासुरवाशीण माहेरच्या पंगतीतसुद्धा दुसऱ्यांदा पोळी मागायची नाही. तिचं 'नको' खरं की रीतीचं हे कळायला तीन वेळा विचारणं हाच मार्ग होता. आता माणसं मागून घेतात, निम्म्यांना साखरेचा आजार आहे, तेव्हा एकदा विचारून भांडं जवळ ठेवावं हे बरं. पण सकाळी सहापासून पुरण वाटणाऱ्या बाईला असभ्य म्हणायचं? तिने कटाची आमटी तीनदा गरम केली होती. शेवटची तिला बुडाचीच मिळाली, हे तू पाहिलं नाहीस. कुठलीही रीत मोडायची तर ती कशासाठी पडली एवढं तरी ठाऊक हवं. मग मोड खुशाल.

आता यादीकडे येते. तुझ्या चुलतभावाच्या मुलाचं बारसं झालं तेव्हाचं सांगते. बारशात आत्याचा मान मोठा, नाव तिने ठेवायचं, धपाटे खायचे आणि साडी घ्यायची. मी तुझ्या काकाला आठवडाभर आधी कळवलं की धपाटे चालतील, साडी नको, आणि यापुढे कुणाच्याच बारशाला नको. काकीला वाटलं मी रुसले. आत्या साडी नको म्हणते म्हणजे काहीतरी दुखलंय, हेच सगळ्यांच्या डोक्यात. दोन दिवस फोनाफोनी चालली. तिला घरी जाऊन समजावलं, ओटीचा नारळ तेवढा घेतला. पण त्यानंतर आपल्या घरात ती साडी बंद झाली आणि कुणाला वाईट वाटलं नाही, कारण बंद केली ती घेणारीने. देणाऱ्याने 'नको' म्हटलं तर त्याला चिकटपणा म्हणतात. घेणाऱ्याने म्हटलं तर कुणाला बोलायला जागा राहत नाही. लग्नपत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापणारी पहिली मंडळी लोकांना विक्षिप्त वाटली असतील. आज तो मजकूर छापखान्यात तयारच असतो. छापला कुणी? ज्यांच्या घरी पाकिटं येणार होती त्यांनी.

म्हणून यादीबद्दल बोलायचं ते मुलाकडच्याने. ताईशी मी काल निवांत बोलले. मुलाला स्वतःला ती यादी पसंत नाही, मामांपुढे तोंड उघडत नाही इतकंच. मामांनी त्याच्या शिक्षणाला पैसे दिलेत, म्हणून जरा अवघड आहे. पण आईला तो विश्वासात घेऊ शकतो, आणि मामा बहिणीचं ऐकतात असं ताई म्हणते. वरमाईने स्वतःची साडी आधी सोडली की मावश्यांची आपोआप सुटेल. आजींची मात्र राहू द्या. त्या खरंच नेसतील, आणि म्हाताऱ्या माणसाचा मान यादीतून काढून कुणाचं भलं होणार नाही.

तू काय करायचंस? मामांना फोन कर. मत मागे घेऊ नकोस, ते बरोबरच आहे. 'भिकारपणा' हा शब्द तेवढा मागे घे, कारण तो त्यांना लागला आणि यादी काही त्यांनी शोधून काढलेली नाही. आणि पुढच्या बैठकीत जावई बोलायला लागेल तेव्हा अडखळेल, त्याला अडखळू दे. त्याचं वाक्य तू पुरं करू नकोस.

मी शुक्रवारी सांगलीहून निघते. भडंग आणते, बाकी काही हवं असेल तर उद्यापर्यंत कळव.

तुझी
आत्या

ता. क. आपल्याकडच्या देण्याघेण्याच्या यादीत बाबांनी माझी साडी धरली असेलच. तुझ्या हाताने खोड आणि त्यांना दाखव.