क्यूआरच्या मागचा मालक

शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या परिसरात माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. गाळप हंगाम सुरू झाला की समोरून दिवसभर उसाच्या गाड्या जातात आणि काउंटरवरचा साउंडबॉक्स बोलत राहतो. हे अ‍ॅप कोणाचं, ते कोणाचं, परदेशी कंपनीच्या हातून आपला पैसा का फिरवायचा, हा वाद इथे चहाबरोबर रोजचा. त्यात भाग घेऊन, विचारपूस करून जे हाती लागलं ते लिहितो.

१. वाट कोणाची आणि गाडी कोणाची, हे आधी वेगळं करावं.

फोनपे, गूगल पे, पेटीएम या गाड्या. पैसा ज्या वाटेनं जातो ती यूपीआय, आणि ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची. रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेच्या पुढाकारानं २००८ साली ही संस्था झाली. तिचे भागधारक मुख्यतः बँका आहेत आणि नफा वाटून घेण्यासाठी ती काढलेली नाही. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये जाहीर झालं. ‘आपला पैसा अमेरिकेला जातो’ असं कोणी म्हटलं की मी त्याला पासबुक भरून आणायला सांगतो. पैसा या खात्यातून त्या खात्यात, तोही इथल्याच बँकांत, गेलेला दिसतो. कंपनीच्या हाती मुख्यतः लागते ती माहिती: कोणी, कधी, कुठे, किती. म्हणून पेमेंटची माहिती भारतातच साठवा, हा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश मला फार मोलाचा वाटतो. आमच्या वादात मात्र त्याचं नावही कोणी काढत नाही.

२. कंपनीचा जन्म कुठला, यावरून मालक ठरवू नये.

फोनपे २०१५ मध्ये बंगळुरूत सुरू झालं, २०१६ मध्ये फ्लिपकार्टनं घेतलं आणि २०१८ मध्ये फ्लिपकार्टच वॉलमार्टकडे गेलं. कागदोपत्री सिंगापूरला असलेली ही कंपनी २०२२ मध्ये भारतात आली, मोठा वाटा मात्र वॉलमार्टचाच राहिला. पेटीएमचे संस्थापक अलीगढकडचे, पण मोठं भांडवल चीनच्या अलीबाबा समूहाचं होतं. २०२० मध्ये गलवानच्या चकमकीनंतर चिनी अ‍ॅपवर बंदी आली तेव्हा काही दुकानदारांनी पेटीएमचे स्टिकर खरवडून काढले. पुढे २०२३ मध्ये अलीबाबा आणि २०२५ मध्ये तिचीच सोबतीण अँट त्यातून पूर्ण बाहेर पडली.

३. मालकी म्हणजे प्रश्न विचारायचा हक्क.

हे मी कारखान्यावर शिकलो. पी. के. अण्णा पाटलांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचे माझे वडील सभासद. सहकारात शेअर कितीही असोत, मत एकच. वार्षिक सभेच्या आधी अहवाल घरी यायचा आणि वडील पेन्सिलीनं ताळेबंदातले आकडे अधोरेखित करत बसायचे. मग सभेत कोणी उठायचं: साखर उतारा का घसरला? तोडणी-वाहतुकीचा खर्च एवढा कसा? प्रत्येक वेळी उत्तर मिळायचंच असं नाही. राज्यातले कितीतरी सहकारी कारखाने सभासदांच्या डोळ्यांदेखत बुडाले, विकले गेले, तेव्हा मालकी नुसती कागदावर असून भागत नाही हे उघड आहे. तरी ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी (उसाचा ठरलेला किमान दर) द्यावी असा कायदा आहे आणि थकली तर कोणाच्या दारात जायचं हे शेतकऱ्याला ठाऊक असतं.

याउलट एका पेमेंट कंपनीनं मध्यंतरी माझ्या क्यूआरवरची जमा रोखून धरली. दुकानदाराच्या क्यूआरमध्ये पुष्कळदा मध्ये एक थांबा असतो. दिवसभराचं गोळा करून कंपनी मग खात्यात टाकते, आणि त्याच थांब्यावर माझे पैसे अडकले. बियाणं कंपनीचा माणूस चेक मागत समोर बसलेला, आणि मी फोनवर एक दाबा, दोन दाबा करतोय. तक्रार नंबर मिळाला, माणूस मिळाला नाही. कंपनी देशी की परदेशी, या प्रश्नापेक्षा तिचं जवळचं कार्यालय कुठे आणि तिथे कोण भेटतं, हा प्रश्न मला तेव्हापासून मोठा वाटतो.

४. दोन बँका, दोन क्यूआर आणि गल्ल्यात थोडी रोकड.

मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले आणि तिच्यावर विसंबलेलं फोनपे ठप्प झालं. एप्रिल २०२५ मध्ये तर यूपीआयच काही तास अडखळलं. आणि नोटाबंदीत, १४ नोव्हेंबर २०१६ पासून, जुन्या नोटा घ्यायला जिल्हा सहकारी बँकांना मनाई झाली. आमच्या शेतकऱ्याची खाती तिथेच. बँक आपली असूनही दार बंद.

५. परदेशी मालकीची भीती खोटी नाही.

मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डनं रशियातलं काम थांबवलं. तरी तिथली जुनी कार्डं देशांतर्गत चालत राहिली, कारण २०१४ नंतर रशियानं आतल्या व्यवहारांसाठी स्वतःची यंत्रणा उभारली होती. आपल्याकडे वाट आपली आहे, पण यूपीआयचे सुमारे ऐंशी टक्के व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच गाड्यांतून होतात. एका अ‍ॅपकडे तीस टक्क्यांहून जास्त व्यवहार नसावेत, असा नियम २०२० मध्ये जाहीर झाला. त्याची मुदत सरकत सरकत आता डिसेंबर २०२६ वर गेली आहे. याची मला चीड येते. २०२० च्या जानेवारीपासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, हे आम्हाला सोयीचंच. पण मग लहान अ‍ॅपनं तग धरायचा कशावर? मोठी कंपनी साउंडबॉक्सचं भाडं घेते, कर्ज गळ्यात घालते. हा हिशेब वरच्यांनी मांडायला हवा.

६. फोन कोणाच्या हाती, हेही मालकीतच येतं.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच शहादा तालुक्यात, टेंभली गावी दिलं गेलं. एवढा मान मिळालेल्या तालुक्यात धडगाव, अक्कलकुव्याकडून तोडणीला आलेली बाई आजही माझ्या काउंटरवर दुसऱ्याचा फोन पुढे करते आणि विचारते, ‘भाऊ, किती राहिले?’ टोळीची रक्कम मुकादमाच्या नंबरवर आलेली असते. तिच्या नावाचं खातं असतं, पण त्याला जोडलेला नंबर नवऱ्याचा, नाहीतर कधीच बंद पडलेल्या सिमचा. साध्या फोनवरून चालणारं यूपीआय मार्च २०२२ मध्ये आलं. मात्र त्यालाही खात्याशी जोडलेला स्वतःचा नंबर लागतोच. हंगाम सुरू होताना बँकेच्या माणसानं मजुरांच्या झोपड्यांवर येऊन बायकांचे नंबर त्यांच्या खात्यांना जोडून द्यावेत, अशी मागणी आम्ही काही सभासद कारखान्याच्या येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. तिचा मसुदा माझ्या दुकानात ठेवलाय. सही करायची असेल त्यानं यावं.