वाडीतील चाकू अंगावर कसा बाळगावा

वसईच्या पश्चिम पट्टीत, आगाशीपासून नंदाखाल, निर्मळ व गासपर्यंत, वाडीत काम करणाऱ्या माणसाजवळ धारेची दोन हत्यारे बहुधा असतात. एक कोयती व दुसरा लहान चाकू. यांपैकी कोयतीची जागा ठरलेली आहे. कोकणात ती लाकडी आकडीत अडकवून आकडी कमरेमागे बांधण्याची रीत जुनी आहे. चाकूची जागा मात्र कोणी ठरविलेली नाही. तो कधी सदऱ्याच्या खिशात, कधी विजारीच्या खिशात नाण्यांबरोबर, कधी लुंगीच्या कनवटीस, तर कधी उघडाच पानांच्या भाऱ्यावर ठेवलेला आढळतो. हत्यार लहान म्हणून त्याविषयी विचार झालेला नाही, आणि हाताला, मांडीला व पोटाला होणाऱ्या कित्येक जखमांचे मूळ या निष्काळजीपणात असते. प्रस्तुत लेखात या लहान चाकूचाच विचार केला आहे.

प्रथम आकडीकडे पाहू, कारण चाकूविषयी जे शिकावयाचे ते बहुतेक सर्व तिच्यात आहे. नारळावर चढणारा माणूस छातीने, पोटाने व मांड्यांनी झाडाला बिलगतो. म्हणून शरीराची पुढची बाजू मोकळी ठेवून हत्यार मागे नेले आहे. कोयती आकडीत अडकलेली असल्यामुळे वाकले तरी ती निसटत नाही, आणि जागा नेहमीची असल्यामुळे हात न पाहताही तिच्याकडे जातो. ज्या अवयवाला काम आहे त्याच्या आड हत्यार येऊ नये, ते आपोआप सुटू नये आणि ते रोज एकाच जागी असावे, अशा या तीन गोष्टी आहेत. खिशातील चाकूलाही याच तीन कसोट्या लावाव्यात.

चाकू कोणता, हे आधी ठरविले पाहिजे. वाडीत खिशातील चाकूचे काम म्हणजे सुतळी किंवा केळीचे सोपट कापणे, खताच्या गोणीचे तोंड उघडणे, रोगट पान काढणे, फुलांचे दांडे छाटणे, डोळा भरणे व कलम बांधणे. याला बोटाएवढे पाते पुरते. घड काढणे किंवा पील छाटणे ही कोयतीची कामे होत. ती चाकूने करू गेल्यास पाते वाकते, आणि चाकू मोठा घेतल्यास तो खिशात मावत नाही. घडीच्या चाकूत दोन प्रकार आढळतात. पहिल्यात पाठीकडील पोलादी पट्टीच्या ताणाने पाते मिटलेले व उघडलेले राहते, परंतु जोर उलटा पडल्यास ते बोटांवर मिटू शकते. दुसऱ्यात पाते उघडल्यावर अडकण बसते व ती दाबल्याखेरीज पाते मिटत नाही. ज्यास टोकाने खुपसण्याचे किंवा जोराने ओढण्याचे काम पडते त्याने दुसरा प्रकार घ्यावा. बटण दाबताच उघडणारा खटक्याचा चाकू वाडीच्या कामाचा नव्हे. खिशात तो अकस्मात उघडण्याची भीती असते, आणि तो शेतीचे अवजार आहे हे दुसऱ्यास पटविणेही अवघड जाते.

नवा असो वा जुना, चाकू खिशात घालण्यापूर्वी एक परीक्षा करावी. तो मिटवून, मूठ घट्ट धरून, पात्याची बाजू जमिनीकडे करावी व माणसांपासून दूर उभे राहून दोन-तीन जोराचे झटके द्यावेत. पाते किंचितही बाहेर आले तर सांध्याचा खिळा सैल झाला आहे किंवा पट्टी दमली आहे असे समजावे. असा चाकू दुरुस्त होईपर्यंत पेटीत ठेवावा.

आता खिशाचा विचार करू. सदऱ्याचा वरचा खिसा सर्वांत वाईट, कारण वाडीतील निम्मे काम वाकून करावयाचे असते. प्रस्तुत लेखकाने उमेदवारीच्या काळात डोळा भरण्याचा एक चांगला चाकू याच खिशातून बावखलात घालविला. पाणी पाहण्यासाठी वाकलो आणि तो सरळ तळाशी गेला. तेथे पाण्याऐवजी खाली बसून पेंढ्या बांधणारा सोबती असता तर काय झाले असते, हा विचार नंतर सुचला. मागच्या खिशातील चाकूवर बसणे होते. त्याने सांधा वाकतो व पाते तिरपे होते. उजव्या हाताने काम करणाऱ्यास विजारीचा उजवा पुढचा खिसा सोयीचा, कारण कलम करताना डावा हात फांदी धरण्यात गुंतलेला असतो. डावखुऱ्याने याच्या उलट करावे. परंतु या खिशात चाकू एकटाच असला पाहिजे. किल्ल्या व नाणी यांच्या संगतीत किल्लीचे टोक पात्याच्या खाचेत शिरते व चालता चालता पाते उचलले जाते. मांडीच्या पुढील व आतील अंगास हृदयाकडून रक्त आणणारी मोठी रोहिणी आहे. ती कापली गेल्यास काही मिनिटांत प्राणावर बेतते. यासाठी उघडा किंवा सैल चाकू पुढच्या खिशात कधीही घालू नये.

अलीकडे मुठीला पोलादी चिमटा बसविलेले चाकू सर्वत्र मिळतात. चिमटा खिशाच्या काठावर अडकला की चाकू तळाशी लोळत नाही, हा त्याचा मोठा गुण होय. मात्र पात्याचे टोक वर येते की खाली, हे पाहून घ्यावे. टोक खाली राहील असा चिमटा असल्यास चाकू काढण्यास जाणारा हात सांध्याकडे जातो, परंतु पाते सुटलेच तर टोक मांडीकडे वळते. टोक वर असल्यास पाते सुटताच हात त्यावर पडेल. तथापि पात्याची उघडणारी बाजू खिशाच्या मागील शिवणीस टेकवून ठेवल्यास शिवणच पात्याला दाबून धरते आणि ते सुटत नाही. म्हणून टोक वर असलेला चाकू शिवणीस लावूनच बाळगावा. ज्याच्या खिशाची शिवण उसवलेली आहे त्याने आधी शिंप्याकडे जावे.

जो झाडावर किंवा शिडीवर चढतो त्याच्यासाठी खिसा पुरेसा नाही. त्याने चाकू दोरीने कमरेस बांधावा. दोरी इतकीच लांब असावी की हात पुरता लांबविता येईल, पण हातातून सुटलेला चाकू पायापर्यंत पोचणार नाही. ती सुती असावी. नायलॉनची दोरी फांदीत अडकली तर तुटत नाही, माणसालाच ओढते. सुती गोफ झटक्यासरशी तुटतो, आणि गेलाच तर चाकू जातो. पंपाच्या पट्ट्याजवळ किंवा फिरत्या यंत्राजवळ काम असेल तर दोरी सोडून ठेवावी. चढताना चाकू मिटलेला असावा, हे सांगण्याची गरज नसावी. तथापि तो दातांत धरून चढणारे लोक अद्याप दिसतात, म्हणून लिहावे लागते.

स्त्रियांचा प्रश्न निराळा आहे. मोगरा खुडणे, जास्वंद काढणे, भाजी कापून जुड्या बांधणे ही कामे वसईत मोठ्या प्रमाणावर स्त्रियाच करतात, आणि लुगड्याला किंवा साडीला खिसा नसतो. चाकू किंवा विळी कमरेला खोचली की बसता उठताना तिची धार पोटाकडे वळते. यावर उपाय अगदी साधा आहे. जाड कापडाचा वीतभर लांबीचा एक कसा शिवावा, त्याच्या आत जुन्या चामड्याची किंवा पाइपच्या तुकड्याची पट्टी घालावी, आणि तो नाडीने कमरेच्या उजव्या बाजूस किंचित मागे बांधावा. एका कशात एकच हत्यार ठेवावे. लुंगी नेसणाऱ्या पुरुषानेही कनवटीचा मोह सोडून हाच कसा वापरणे चांगले.

खिशात राहणाऱ्या चाकूला गंज लवकर चढतो. समुद्रावरील खारी हवा, अंगाचा घाम व पावसाळ्यातील ओल या तिहींचा त्यावर मारा होतो. केळीच्या चिकाने पोलाद काळे पडते. चिकूचा चीक सांध्यात साचला, त्यात खिशातील कापसाचे तंतू व माती मिसळली, की पाते अडकते. अडकलेले पाते माणूस नखाने व जोराने ओढतो, ते एकदम सुटते आणि बोट कापले जाते. म्हणून रोज संध्याकाळी चाकू खिशातून काढावा. चीक गोडेतेलाच्या बोळ्याने सुटतो. मग साबणाचे पाणी, कोरडे फडके व सांध्यात यंत्राच्या तेलाचा एक थेंब, एवढे पुरे. चामड्याच्या म्यानात रात्रभर ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. निसण्यावर धार लावताना कलमाच्या चाकूचे पाते एकाच बाजूने उतरते असेल तर तीच बाजू घासावी. बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो, आणि जोर लावलेला हातच घसरतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. आपण सकाळी एका वाडीत रोगट वांग्याचे खोड कापून पाहतो, चाकू मिटतो व खिशात घालतो, आणि दुपारी दुसऱ्या वाडीत तोच चाकू उघडतो. कोकणात वांगी, टोमॅटो व मिरची यांवर पडणारा जिवाणूजन्य मर रोग पाण्याने व मातीने जसा पसरतो तसाच मळलेल्या पात्यानेही पसरतो. मार्गदर्शनासाठी आलेल्या माणसानेच रोग आणून द्यावा, ही गोष्ट बरी नव्हे. चाकूबरोबर स्पिरिटची लहान बाटली व फडके बाळगावे, आणि वाडी सोडण्यापूर्वी पाते व सांधा पुसावा. स्पिरिट वाळल्यावरच चाकू मिटावा.

वाडीच्या कुंपणाबाहेर चाकूचा अर्थ बदलतो. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली झाली, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला आणि २०२० साली मीरा-भाईंदर व वसई-विरार यांसाठी पोलीस आयुक्तालय स्थापन झाले. ज्या वाटेने आजोबा आकडीला कोयती लावून जात, ती वाट आज शहराच्या भर रस्त्यातून जाते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू शस्त्रांतून वगळल्या आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू व तत्सम हत्यारे यादीत घातली असली, तरी घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामाची हत्यारे त्यांतून वगळली आहेत. एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये ठराविक मुदतीसाठी मनाई आदेश निघतो, आणि त्यात चाकू, काठी व इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू सार्वजनिक जागी बाळगण्यास बंदी घालता येते. सण व निवडणुका यांच्या सुमारास असा आदेश आहे काय, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे व गावच्या फलकावर लावावे.

पहाटेच्या गाडीने फुलांचे ओझे घेऊन दादरच्या बाजारात जाणाऱ्यांनी चाकू वाडीतच ठेवणे उत्तम. विरारच्या गाडीतील गर्दी ज्याने सोसली आहे त्यास अधिक सांगावयास नको. तेथे खिशातील मिटलेला चाकूही दुसऱ्याच्या बरगडीत रुततो, आणि खिशाच्या काठावर दिसणारा चिमटा पाहून सहप्रवासी घाबरतो. बाजारात सुतळी कापण्यासाठी हत्यार लागतच असेल तर बोथट टोकाची कात्री टोपलीच्या तळाशी फडक्यात गुंडाळून बांधावी. मनाई आदेश चालू असताना तीही नेऊ नये. विमानाच्या प्रवासात चाकू हातातील पिशवीत चालत नाही. कलम शिकण्यासाठी किंवा प्रदर्शनासाठी दूर जाणाऱ्याने तो सामानात द्यावा.

इतके करूनही जखम झाल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे व तो भाग उंच ठेवावा. पाते रुतलेले असल्यास उपटू नये. तेच रक्त अडवून धरीत असते. त्याच्या भोवती दाब देऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. लहान जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. हळद, चुना किंवा माती भरू नये. वाडीच्या शेणमातीत धनुर्वाताचे जंतू असतात. मळलेल्या जखमेस, मागील लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस टोचून घ्यावी.

कार्यकर्त्यांनी पुढील शिवारफेरीत पाच मिनिटे या विषयास द्यावीत. जमलेल्यांना आपापले चाकू काढावयास सांगावे आणि ते कोठून निघतात हे न बोलता पाहावे. नंतर झटक्याची परीक्षा एकेकाकडून करवून घ्यावी. प्रथम स्वतःच्या चाकूची करावी. जे चाकू उघडतील ते एका पिशवीत गोळा करून, नावाच्या चिठ्ठ्या लावून, लोहाराकडे द्यावेत. खिळा ठोकून घट्ट करण्याचे काम थोड्या वेळाचे असते, आणि बहुतेक चाकू त्याच संध्याकाळी परत मिळतात.